चार इंची रॉकेटची वही

१६ जानेवारी २०२४, मंगळवार

उत्तरायण संपलं. अगाशीवर (गच्चीवर) अजून मांज्याचे गुंते पडलेत, बोटांना दोन चिरा, घसा "काप्यो छे" ओरडून बसलाय, आणि घरात एक नवीन भानगड आलीये. भाचा टेक्सासहून खास पतंग उडवायला आला होता, येताना बॅगेत तिरकं घालून रॉकेटचं एक किट आणलं. म्हणाला मामा हे तीन वर्षं माझ्या गॅरेजमध्ये पडून आहे, मला वेळ मिळत नाही, तू आता रिटायर झालायस, तू बांध. उघडलं तर जाड पुठ्ठ्याच्या दोन नळ्या, प्लायवूडचे तीन फिन म्हणजे शेपटीचे पंख, प्लॅस्टिकचं नाक, प्लायच्या गोल रिंगा, एक पॅराशूट, जाड दोरी आणि चार पानी सूचना. ३४ वर्षं बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) टूलरूम सांभाळली आणि आता हा पुठ्ठा.

मी म्हंटलं दिवाळीत मांडवीला मिळतात की रॉकेटं. तर त्याने मला अर्धा तास बसवून समजावलं. रॉकेटला ढकलणारं इंधनाचं नळकांडं म्हणजे मोटर, या मोटरींना अक्षरं असतात, ए मोटरची एकूण ताकद जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंद आणि पुढचं प्रत्येक अक्षर आधीच्याच्या दुप्पट, असं करत जी ला १६० येतात आणि त्याच्या वर एच पासून हाय पॉवर सुरू. तिथे लायसन्ससारखं सर्टिफिकेशन लागतं, त्याशिवाय मोटर कोणी विकत देत नाही. पहिली पायरी म्हणजे लेव्हल १, एच किंवा आय मोटरवर रॉकेट उडवायचं आणि ते धडधाकट खाली आणायचं.

त्याचा प्लॅन असा होता की मी बांधायचं आणि त्याने उडवून सर्टिफिकेट घ्यायचं. जेवताना फोनवर नियम वाचता वाचता गप्प झाला. ज्याला सर्टिफिकेट पाहिजे त्यानेच रॉकेट बांधलेलं पाहिजे. सौ. उंधियुं वाढता वाढता म्हणाली मग तूच बांध की बाबा. तो म्हणाला नाही मामी, आता मामाच येईल नोव्हेंबरमध्ये, तसंही तुम्ही दोघं कधीचे यायचे म्हणताय. झालं, ठरलं.

इथे उडवायचा प्रश्नच नाही. मोटरीतलं इंधन अमोनियम परक्लोरेटचं, आपल्याकडे स्फोटकांचा कायदा १८८४ पासून आहे, ती परवानगी देणारं ऑफिस नागपूरला, आणि रिटायर्ड माणसाला छंदासाठी कोणी परवाना देत बसणार नाही. घरी दारू कुटायचा विचार तर डोक्यातही आणायचा नाही. विमानातूनही मोटर नेता येत नाही. म्हणजे रॉकेट बडोद्याचं, आग टेक्सासची.

४ फेब्रुवारी, रविवार

आज फक्त मापं घेतली. सूचनेत पहिलं वाक्य होतं की सगळे भाग आधी न चिकटवता जोडून बघा, ते मला पटलं.

नळीचा बाहेरचा व्यास १०४ मिमी भरला, म्हणजे घेर ३२६.७, तीन फिनांत भागला की १०८.९. फिन बसवायच्या खाचा किटमध्ये आधीच कापलेल्या येतात. व्हर्नियरच्या मागे लागलो नाही, कागदाची पट्टी गुंडाळून खाचा मोजल्या तर १०८.५, १०९.४ आणि उरलेलं तिसऱ्यात. रात्री नऊला भाच्याला फोन लावला, त्याच्याकडे सकाळ. म्हंटलं तुझ्या अमेरिकेच्या खाचेत अर्ध्या मिमीचा फरक आहे. तो म्हणाला "मामा, पुठ्ठा आहे तो." माझ्या टूलरूममध्ये दोन शतांशावर जॉब परत यायचा, अर्धा मिमी म्हणजे काय थट्टा आहे का. पण खाच ३ मिमी रुंद आणि फिन त्याच्यापेक्षा बारीकसा पातळ, म्हणजे फिन आत थोडा सरकवायला जागा आहे, सरळ करता येईल.

नळीवर उभ्या रेघा मारायला लोखंडी अँगल घेतला. नळी आणि अँगल दोन्ही सर्फेस प्लेटवर आडवे ठेवले की अँगलची कड आपोआप नळीच्या अक्षाला समांतर बसते, पेन्सिल ओढायची. सर्फेस प्लेट म्हणजे आमच्या ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा हे वेगळं सांगायला नको. फिन १२० अंशाला उभे राहावेत म्हणून ६ मिमी एमडीएफचं एक कडं, मध्ये नळीचं भोक, बाजूला तीन चिरा, असं ड्रॉइंग काढून मकरपुऱ्यातल्या लेझरवाल्याकडून कापून आणणार. तो मला अजून साहेब म्हणतो, पैसे घेत नाही, मला लाज वाटते आणि मग मी सेवउसळ खायला घालतो.

२५ फेब्रुवारी, रविवार

मोटर माउंट झालं. ३८ मिमीची आतली नळी, तिच्यावर तिला मोठ्या नळीच्या मधोमध धरणाऱ्या तीन सेंटरिंग रिंगा, सगळ्यात मागे मोटर धरून ठेवणारी, आटे पाडलेली टोपी. पॅराशूटची दोरी सगळ्यात पुढच्या रिंगेला आयबोल्टमधून बांधली, बोल्टच्या मागे नट आणि नटावर अरल्डाइट. विशेष काही नाही, दोन संध्याकाळी गेल्या.

२१ एप्रिल, रविवार

आज धुराने घर भरलं.

मधल्या दोन महिन्यांत फिन बसले. ही बांधणी अशी असते की फिन नळीच्या बाहेर नुसता चिकटवत नाहीत, त्याची एक जीभ खाचेतून आत जाऊन मोटरच्या नळीला टेकते, म्हणजे एकाच फिनला तीन ठिकाणी ग्लू. ते कडं अप्रतिम कामाला आलं, तिन्ही फिन गुण्याला बसले, आरपार बघितलं तर एक केसभर इकडे तिकडे नाही. इथपर्यंत मी खूष.

मग राहिले फिलेट, म्हणजे फिन आणि नळीच्या कोपऱ्यात जो गोलसर भराव देतात तो. भाचा म्हणाला होता ८ ते १० मिमीची गोलाई पुरे. मी विचार केला, एवढा जोर येणार, दोनशे तीनशे मीटर वर जाणार, दहा मिमीने काय होतं. वेल्डिंग करताना आपण काय थोडक्यात सोडतो का. मोठ्या डावाच्या पाठीने २० मिमीची गोलाई ओढायची ठरवली. त्यासाठी भरपूर ग्लू लागणार म्हणून प्लॅस्टिकच्या ग्लासात एकदम शंभरेक ग्रॅम कालवला. बाहेर ४१ डिग्री. दोन बाजू ओढून झाल्या आणि ग्लास हातात गरम लागायला लागला, मला वाटलं उन्हामुळे, तिसरी बाजू घेतली तर ग्लास वाकडा व्हायला लागला आणि त्यातून धूर. पळत जाऊन अंगणात ठेवला. पाच मिनिटांत आत पिवळा दगड.

कारण साधं आहे, इतकी वर्षं अरल्डाइट वापरून मला कळायला पाहिजे होतं. एपॉक्सी कडक होताना स्वतः उष्णता सोडतो, पातळ पसरला असेल तर ती निघून जाते, ग्लासात गोळा असेल तर तीच उष्णता त्याला अजून जोरात कडक करते, मग अजून उष्णता. त्यात आपला एप्रिल. पुढच्या वेळेपासून २०-२० ग्रॅम, पसरट ताटलीत आणि सकाळी सहाला. सौ.ची स्टीलची ताटली घेतली होती, ती आता रॉकेटची ताटली झाली, त्यावर जे बोललं गेलं ते वहीत लिहीत नाही.

पण फिलेट मात्र काय झालेत, हात फिरवत बसावंसं वाटतं. शेजारचे काका कुंपणावरून डोकावून म्हणाले "आ शुं छे भाई, तोप?"

१९ मे, रविवार

पॅराशूट. ४४ इंची, नायलॉनचं. दीड लिटरची पाण्याची बाटली बांधून तिसऱ्या मजल्यावरच्या अगाशीवरून सोडलं, खाली शेजारच्या दोन पोरांना मोबाईलवर स्लो मोशन घ्यायला उभं केलं. ११ मीटर उंची, उघडं धरून सोडलं की २.२ सेकंद. म्हणजे सेकंदाला पाच मीटर, सुरुवातीचा थोडा वेळ वेग घेण्यात जातो ते धरलं तर साडेपाच. चालेल, तिथले लोक साधारण सेकंदाला १५ ते २० फूट म्हणतात त्यातच आहे.

घडी घालून सोडलं तेव्हा मात्र दोनदा उघडलंच नाही, बाटली फुटली आणि वॉचमनच्या खुर्चीवर पाणी. घडी कशी घालायची हा एक स्वतंत्र विषय आहे. उत्तरायणला फिरकी धरणाऱ्याला जी अक्कल लागते तीच इथे, दोऱ्या एकमेकींत अडकल्या नाहीत पाहिजेत आणि सुटताना आपोआप सुटल्या पाहिजेत. शेवटी सौ.ने एकदा बघितलं आणि साडीची घडी घालतात तशी झिगझॅग घडी घालून दोऱ्या आत न गुंडाळता बाजूला ठेवल्या. चारपैकी चार वेळा उघडलं. मी काही बोललो नाही.

हे कापड आणि आग यांच्यामध्ये नोमेक्सचं, म्हणजे सहज न जळणाऱ्या कापडाचं, एक चौकोनी फडकं असतं, कारण मोटरचं इंधन संपल्यावर काही सेकंदांनी मोटरच पुढच्या बाजूने थोडी काळी दारू उडवते आणि त्या दाबाने रॉकेटचे दोन तुकडे सुटून पॅराशूट बाहेर फेकलं जातं. म्हणजे वर नेणारी आणि खाली आणणारी एकच मोटर. इलेक्ट्रॉनिक्स काही नाही. मला हे फार आवडलं.

३० जून, रविवार

आज वाईट दिवस.

पाऊस सुरू झालाय, बाहेरचं काही करता येत नाही म्हणून म्हंटलं बॅलन्स बघू. रॉकेट सरळ जायला दोन बिंदू बघायचे. एक गुरुत्वमध्य, बोटावर तोलून धरलं की सापडतो. दुसरा, हवेचा दाब जिथे एकवटतो तो. गुरुत्वमध्य पुढे आणि दाबाचा बिंदू मागे पाहिजे, आणि दोघांत कमीत कमी नळीच्या एका व्यासाएवढं अंतर. बाणासारखंच, टोक जड, पिसं मागे. उलटं झालं तर रॉकेट हवेत कोलांट्या मारतं आणि कुणाच्या अंगावर येईल सांगता येत नाही. पतंगाची कन्नी चुकीच्या जागी बांधली की पतंग गिरक्या घेतो, तो निदान दोरीला तरी बांधलेला असतो.

दाबाचा बिंदू ओपनरॉकेट नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून काढला, हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने प्रबंधासाठी ते केलं होतं. त्यात जे गणित आहे ते १९६६ चं, बॅरोमन नावाच्या इंजिनिअरचं. माझ्या रॉकेटचा बिंदू नाकापासून ९५ सेंमी. आता मोटरच्या जागी तेवढ्याच वजनाचा लोखंडी तुकडा घालून तोलून बघितलं तर गुरुत्वमध्य ८९ वर. फक्त ६ सेंमी. पाहिजेत १०.४.

पहिल्यांदा वाटलं मापात चूक. तीनदा केलं. मग किचनच्या काट्यावर नुसतं मागचं अंग ठेवलं आणि किटच्या कागदावरच्या आकड्याशी ताडून बघितलं. माझे सुंदर फिलेट. जवळजवळ दीडशे ग्रॅम फक्त बाहेरच्या फिलेटांचे, तेही अगदी शेपटीला, जिथे एकेक ग्रॅम महाग. भाच्याला सांगितलं तर तो हसला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, मामा, फिन आत मोटरच्या नळीला चिकटलाय ना, तो तसाही निघणार नव्हता. आणि एक वाक्य बोलला, इथे मजबूत करणं सोपं आहे, हलकं ठेवणं अवघड.

खरं आहे. जीआयडीसीत कधी कोणी म्हणालं नाही की जॉब जड झाला. शंका आली की प्लेट जाड घ्यायची. हाताला तीच सवय.

फिलेट घासून काढायचा एक दिवस प्रयत्न केला, खाली पुठ्ठा सोलायला लागला तेव्हा सोडून दिलं. आता उपाय एकच, नाकात वजन. नाक म्हणजे लांबचा दांडा, तिथे २०० ग्रॅम घातले की गुरुत्वमध्य सहा सेंमी पुढे येतो. टायरवाल्याकडून व्हील बॅलन्सिंगची चिकटणारी वजनं आणली. नाक प्लॅस्टिकचं, त्या प्लॅस्टिकला एपॉक्सी धरत नाही, नखाने सोललं तर पापुद्रा सुटून येतो, म्हणून नाकाच्या आत आडवे दोन स्क्रू बाहेरून मारले, त्यांच्याभोवती वजनं आणि एपॉक्सी, म्हणजे चिकटलं नाही तरी अडकून राहील. गुरुत्वमध्य ८३. अंतर १२. पास.

पण एकूण वजन, मोटर धरून, १.७५ किलो होणार होतं ते २.१ झालं. सॉफ्टवेअर आधी ९०० फूट दाखवत होतं, आता सव्वासातशे. शेपटीला चुकून वजन घातलं आणि ते निस्तरायला नाकाला मुद्दाम घातलं. असं घर बांधलं असतं तर शाबासकी मिळाली असती.

१ सप्टेंबर, रविवार

पाच दिवस वही हातात नव्हती.

२६ तारखेला, जन्माष्टमीला, पाऊस सुरू झाला तो थांबेचना. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, ती कधीच ओलांडली. आमच्या कारेलीबागेत रात्री पाणी यायला लागलं, आधी गटारातून, मग फाटकातून. फ्रिज खुर्च्यांवर, देव माळ्यावर, कागदपत्रं पिशवीत घालून शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर. खालच्या खोलीत दोन फूट पाणी. वीज नाही. नदीतल्या मगरी सोसायट्यांत निघत होत्या, आमच्या मागच्या गल्लीत एक होती म्हणे, पकडून नेली, मी बघितली नाही पण दोन दिवस पाण्यात पाय टाकताना तोच विचार.

रॉकेटचं नाक आणि पुढची नळी माळ्यावर होती. मागचा मोठा भाग वर्कबेंचवर उभा ठेवला होता, शेपूट वर, तोंड खाली, रंगाआधी वाळवायला. बेंच अडीच फुटी, पाणी त्याच्यावर गेलं नाही, पण बेंचवर अंथरलेली वर्तमानपत्रं लोंबत होती, त्यांनी वातीसारखं पाणी वर खेचलं. काल चिखल काढून झाल्यावर बघितलं तर नळीचं तोंड चारेक सेंमीपर्यंत फुगलेलं, पुठ्ठ्याचे पदर सुटलेले.

खरं सांगायचं तर शेजारी ज्यांचं सगळं सामान गेलं त्यांच्यासमोर पुठ्ठ्याच्या नळीचं दुःख करणं बरं दिसत नाही. सकाळी लोकांच्या गाद्या उचलू लागलो, दुपारी गुपचूप केस वाळवायचा ड्रायर घेऊन बसलो. पदरांत पातळ फेव्हिकॉल भरला, आत योग्य मापाचा डबा घालून बाहेरून पट्टीने आवळलं. उद्या घासू.

१५ सप्टेंबर, रविवार

तोंड घासून गोल झालं. हाताला कळत नाही कुठे फुगलं होतं. प्रायमर मारला. हवेत इतका दमटपणा आहे की आधीच्या एपॉक्सीवर मेणचट थर आला होता, तो साबणाच्या पाण्याने धुवून परत घासला, नाहीतर रंग सोलून येतो. रंग भगवा आणि पांढरा, नाक काळं. गणपती बसलेत, दांडिया बाजारात ओळखीचा एक मूर्तीवाला आहे, विसर्जनाच्या गडबडीत त्याच्याकडे कॉम्प्रेसर रिकामा मिळाला. मोठी नळी ॲक्टिव्हावर उभी धरून सौ. मागे. केरळातल्या थुंब्याला सुरुवातीच्या काळात रॉकेटचं नाक सायकलवरून नेलं होतं, तो फोटो सगळ्यांनी बघितलाय. सौ.ला म्हंटलं आपलाही काढून घेऊ. ती म्हणाली पुढे बघून चालव.

१३ ऑक्टोबर, रविवार

खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत व्हर्नियर, गुण्या, पान्ह्यांच्या शेजारी रॉकेट. हळदीकुंकू, नाकावर झेंडू. कुंकवाचं बोट पांढऱ्या रंगावर बसलं ते काल पुसलं तरी जात नाही. राहू दे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पॅकिंग. एअरलाइनचं माप लांबी रुंदी उंची मिळून १५८ सेंमी. मागच्या भागाची लांबी आणि फिनांचा घेर धरून ८० गुणिले ३८ गुणिले ३८ चं खोकं बनवलं, १५६. फिनांना थर्माकोल. ग्लू, स्प्रे काही घेतलं नाही. सौ.ने बजावून सांगितलंय की एअरपोर्टवर र अक्षर तोंडातून काढायचं नाही, कोणी विचारलं तर पुठ्ठ्याचं मॉडेल म्हणायचं. उरलेल्या जागेत तिने लिलो चिवडो आणि भाकरवडी भरली, नळीच्या आतसुद्धा. वजन २३ किलोच्या आत आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार (टेक्सास)

रात्री झोप नाही तरी लिहून ठेवतो.

भाच्याच्या घरापासून दोन तासांवर एक शेत, पीक निघालेलं, नजर जाईल तिथपर्यंत सपाट. ट्रक, तंबू, घडीच्या खुर्च्या, नातवंडं घेऊन आलेले आजोबा, आपल्याकडे पतंगाच्या दिवशी असतं तसंच, फक्त आवाज कमी. इथल्या विमान खात्याकडून त्या दिवसापुरती हवेची परवानगी घेतलेली असते. रॉकेटवाल्यांच्या संघटनेची मेंबरशिप भाच्याने आधीच करून ठेवली होती, सर्टिफिकेशनपुरती मोटर मैदानावरच्या विक्रेत्याकडून मिळाली. एच१२८, म्हणजे एच वर्ग आणि सरासरी जोर १२८ न्यूटन. माझं रॉकेट २.१ किलो, म्हणजे वजनाच्या सहापट जोर. पाचपट असावा म्हणतात. २९ मिमीची मोटर, ३८ च्या नळीत ॲडॉप्टर घालून.

मोटर मी स्वतः जुळवली, शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे राहून बघत होते. ॲल्युमिनिअमची केस, लाल ॲनोडाइज केलेली, तिचे आटे बघून जीव गार झाला, दोन बोटांनी फिरवलं की लोण्यासारखे बसतात. ओ रिंगला ग्रीस, मग इंधनाचे ठोकळे, मध्ये भोक असलेले, पेन्सिल खोडण्याच्या रबरासारखे लागतात हाताला. मागे नोझल. पुढे डिले, म्हणजे इंधन संपल्यावर पॅराशूटची दारू पेटेपर्यंत हळू जळणारा तुकडा. तो मुळात १४ सेकंदांचा, त्यात हाताच्या ड्रिलने भोक पाडून ८ सेकंद कमी केले, ६ उरले. सॉफ्टवेअर सहाच सांगत होतं. शेवटी काळ्या दारूची चिमूट टोपीत. सगळं टूलरूमचं काम. म्हातारे गृहस्थ म्हणाले नीट केलंस, आणि मला शाळेत असल्यासारखं वाटलं.

सेफ्टीवाल्याने रॉकेट हातात घेतलं, एकेक फिन धरून हलवायला बघितला, माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. भाचा म्हणाला तुझ्या फिलेटांचं कौतुक करतोय, मी म्हंटलं कौतुक नको. दोन्ही बिंदूंच्या खुणा बघितल्या, वजन केलं, सही.

वारा ताशी १५ मैल. २० च्या वर असेल तर उडवतच नाहीत. रॉकेट सरळ सोडायची ८ फुटी उभी रेल, आम्ही १०० फुटांच्या पलीकडे. पाच, चार, तीन, दोन, एक, आणि फुस्स. इग्नायटर नुसता जळला, मोटर पेटली नाही. एक मिनिट कोणी जवळ जायचं नाही हा नियम. ते एक मिनिट. मग नवीन इग्नायटर, परत उलटे आकडे.

आवाज फटाक्यासारखा नाही, कापड फाडल्यासारखा, लांब. रेल सुटली आणि सुटल्या सुटल्याच ते वाऱ्याच्या दिशेने झुकलं. मला लगेच कळलं. जड रॉकेट रेल सोडताना हळू असतं, माझं साधारण सेकंदाला १५ मीटर, वारा सातच्या जवळपास, मग वाऱ्याला नाक देणारच. कोलांटी नाही, सरळच गेलं पण तिरकं, मोठी कमान करून. वर पोचलं तेव्हा थांबलेलं नव्हतं, आडवं धावत होतं, आणि तेवढ्यात पांढरा धुराचा ठिपका आणि उशिराने ठप्प असा आवाज. भगवं पांढरं दोन तुकडे, मध्ये पॅराशूट. भाचा ओरडला, सौ.ने त्याचा दंड धरला होता तो सोडला.

शेतातून चालत जाऊन बघितलं. फिन तिन्ही शाबूत, त्यांना काय होणार. नाक शाबूत. आणि नळीच्या तोंडापासून खाली ९ सेंमी सरळ चीर, पदर बाहेर वळलेले. इथे याला झिपर म्हणतात. रॉकेट वेगात असताना पॅराशूट उघडलं की दोरी हिसका देते आणि पुठ्ठ्याच्या कडेतून सुरीसारखी खाली जाते. माझ्या नळीची ती कड म्हणजे विश्वामित्रीचं पाणी प्यायलेली, आत फेव्हिकॉल, वर छान रंग. हाताला कळत नव्हतं कुठे फुगलं होतं, दोरीला कळलं.

तपासणाऱ्याने चिरेतून बोट फिरवलं, मान हलवली. दुरुस्तीशिवाय परत उडवता येत नसेल तर पास नाही. बरोबर आहे त्याचं, मी पण जॉब परत पाठवला असता. शेपटीवर दीडशे ग्रॅम ग्लू आणि जिथे खरा हिसका बसणार तिथे एक थेंब नाही. म्हणाला उद्या पण आहोत आम्ही.

१७ नोव्हेंबर, रविवार

काल रात्री गॅरेजमध्ये तोंडाकडची १० सेंमी नळी कापूनच टाकली. पाइपाला लावायचा होज क्लॅम्प नळीवर आवळला, त्याच्या कडेने ब्लेड फिरवत गेलो, काटकोनात कापलं गेलं. नवीन कडेला पातळ सुपर ग्लू पाजत राहिलो, आतून दोन इंचापर्यंत, पुठ्ठा पिईल तेवढा, टकटक वाजायला लागेपर्यंत. दोरी जिथे कडेवरून वळते तिथे तिच्यावर टेपचा जाड गोळा. खर्च आठ ग्रॅम. नळी आखूड झाली म्हणून दोन्ही बिंदू परत काढले, अंतर १०.६, एक व्यास जेमतेम. रात्री दीडला सौ. चहा घेऊन आली, म्हणाली हे जानेवारीतच केलं असतं तर. मी म्हंटलं हो.

सकाळी आठलाच मैदानावर, वारा उठायच्या आत. गवतावर दव. मोटर तीच, डिले ६ च. इग्नायटर पहिल्या फटक्यात पेटला. आज सरळ गेलं, मान मागे टाकावी लागली एवढं सरळ, वर जाऊन जवळजवळ थांबलं, नाक खाली वळायला लागलं आणि तेव्हाच पॅराशूट. अर्धा मिनिट खाली येत होतं. भाच्याने मित्राचा अल्टिमीटर (उंची मोजणारं यंत्र) आत टाकला होता, ७११ फूट. शंभरेक पावलांवर उतरलं. कडेवर दोरीचा नुसता काळा ओरखडा.

तपासणारा कालचाच. बोट फिरवलं, खिशातून पेन काढलं. कुंकवाच्या डागाकडे बोट दाखवून हे काय विचारलं, भाच्याने काहीतरी लांबलचक सांगितलं, तो गंभीरपणे मान हलवत होता.

२ डिसेंबर, सोमवार (बडोदा)

रॉकेट तिथेच गॅरेजमध्ये खिळ्याला टांगून आलो. येताना त्या खोक्यात सौ.ने एअर फ्रायर भरला, १५६ सेंमीत बरोबर बसला. भाच्याने आता स्वतःचं किट मागवलंय, काल फोन आला, मामा फिलेट किती ठेवू. म्हंटलं आठ. आणि नळीचं तोंड आधी दाखव मला, व्हिडिओवर.